जुनं रीडर पाठ झालंय, पण वाचता येतंय का?

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे, शाळेत घातलं नाहीये, घरीच शिकवते. इंग्रजी वाचनासाठी लेडीबर्ड या ब्रिटिश प्रकाशनाच्या 'की वर्ड्स' मालिकेचा जुना सेट मिळालाय आणि मॅकगफी रीडर्स या जुन्या अमेरिकी वाचनपुस्तकांच्या पीडीएफ पण डाउनलोड केल्यात. लेडीबर्डचं पहिलं पुस्तक ती घडाघडा वाचते पण त्यातलाच शब्द मी वहीत लिहिला की गप्प. पुस्तकं बदलू का?

उत्तर: बदलू नका. तिला पान पाठ झालंय, वाचता येत नाहीये, आणि यात तिचा काहीच दोष नाही, पुस्तकाची रचनाच तशी आहे.

जुनी रीडर्स सगळी एका जातीची नसतात हो. काहींमध्ये अख्खा शब्द बघून ओळखायचा, तोच तोच शब्द इतक्या वेळा येतो की डोक्यात बसतो. अमेरिकेतली डिक अँड जेन, १९३० पासूनची, ती अशीच, आणि १९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश या अमेरिकी लेखकाने या पद्धतीवर एवढी कडक टीका केली की तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. तुमचा लेडीबर्डचा सेट १९६४ पासूनचा, त्यामागचं गणित असं की फक्त १२ शब्द आपल्या वाचनाचा जवळपास पाव भाग व्यापतात. ते खरंच उपयोगी आहे, 'द', 'वॉज' असे शब्द बघताक्षणी आलेच पाहिजेत. पण नवा शब्द समोर आला की तो सोडवायचा कसा, हे नुसत्या ओळखण्यातून कळत नाही. या मालिकेत प्रत्येक पायरीला ए, बी, सी अशी तीन पुस्तकं आहेत, त्यातलं सी लिहिण्यासाठी आणि पुढे अक्षरांच्या आवाजांसाठी आहे, तुमच्याकडे सी आहेत का ते आधी बघा, नसतील तर ते काम तुम्हाला वेगळं करावं लागेल.

मॅकगफी पहिल्यांदा १८३६ मध्ये आली, पीडीएफ बहुतेक १८७९ च्या सुधारित आवृत्तीच्या असतात. त्यात धड्याच्या सुरुवातीला नवे शब्द देतात आणि अक्षरांवर उच्चाराच्या खुणा असतात. त्या खुणा शिकवत बसू नका, गोष्टीच्या साध्या पुस्तकांत तिला त्या दिसणार नाहीत. प्रायमर, म्हणजे त्यातलं अगदी पहिलं पुस्तक, उंदीर-मांजरापासून सुरू होतं ते छान आहे, पण पुढची रीडर्स फार लवकर अवघड होतात, तेव्हा एका धड्यावर आठवडा गेला तरी जाऊ द्या.

आता रोजचं काम. आधी आवाज. मराठी मुलांची एक हमखास अडचण असते, ती 'क' म्हणतात आणि त्यात 'अ' आपोआप येतो, मग 'कॅट' चं कअ-ॲ-टअ होतं आणि जोडताच येत नाही. म्हणून 'क्', 'ट्' असं तोडून म्हणायला लावा, पुस्तक न उघडता, नुसतं तोंडी. मग चित्र झाकून वाचायला द्या, वाक्यं खालून वर वाचून घ्या, त्याच पानातले शब्द वापरून तुम्ही नवीन वाक्य लिहा. आणि अधूनमधून 'झॅट', 'टिब' असे खोटे शब्द कार्डावर द्या, ते तिने पाठ केलेले असणं शक्यच नाही, तिथे जोडून वाचलं तर खरंच वाचता येतंय असं समजा. मला तरी ही परीक्षा सगळ्यात विश्वासाची वाटते.

मजकूर मात्र तुम्ही आधी वाचून घ्या. मॅकगफीत धर्म आणि उपदेश भरपूर आहे, साठच्या दशकातल्या पुस्तकांत आई घरकामात आणि बाबा ऑफिसला. पानं फाडू नका, वाचताना तिच्याशी बोला, सहा वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं.

दोन-तीन महिने आवाजांवर नीट काम करूनही तीन अक्षरांचा शब्द जुळत नसेल तर पुस्तकाला दोष देत थांबू नका, कान आणि डोळे तपासून घ्या, आणि तिथे सगळं ठीक निघालं तर वाचनाच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा.