लष्करी लिलावातला जोंगा आणि त्याचे कागद

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका शेतघराच्या आवारात जुना जोंगा, म्हणजे लष्करासाठी बनलेली जीपसारखी गाडी, विक्रीसाठी उभा आहे. विक्रेत्यांच्या वडिलांनी तो १९८८ साली लष्कराच्या लिलावात घेऊन त्याच वर्षी आरटीओकडे नोंदवला, असे ते सांगतात. वडील आता हयात नाहीत. आरसी बुक जीर्ण झाले आहे, मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसवलेले आहे आणि सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर क्रमांक टाकला तर काहीच दिसत नाही. विक्रेते शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहेत. तेवढे पुरेल का? आणि गाडीला व्हिंटेजचा, म्हणजे जुन्या जतन केलेल्या गाड्यांसाठीचा वेगळा, क्रमांक मिळेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : स्टॅम्प पेपर पुरणार नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ सूत्र आहे; आणि आपल्या विक्रेत्यांकडे एकट्याचा हक्क आहे की नाही, हेच अजून ठरायचे आहे. पण त्याआधी गाडी पाहावी, कारण कागद कितीही चोख असले तरी ते याच गाडीचे आहेत हे सांगायला चेसिसखेरीज, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याखेरीज, दुसरा साक्षीदार नसतो.

चेसिसवर ठोकलेला क्रमांक थिनरने आणि कापडाने हळूहळू मोकळा करावा. ग्राइंडर मुळीच लावू नये, नाहीतर उद्या आरटीओच्या निरीक्षकाला आपणच संशयित वाटाल. टॉर्च तिरपी धरली की क्रमांकाभोवतीचे वेल्डिंग, घासल्याच्या रेघा किंवा आजूबाजूच्या लोखंडापेक्षा गुळगुळीत झालेला भाग दिसून येतो. हाताने ठोकलेले अंक थोडे वाकडेतिकडे असणे यात वावगे काही नाही. रिव्हेट मारलेल्या पाटीवर मात्र विसंबू नये, कारण पाटी एका गाडीवरून दुसरीवर दहा मिनिटांत जाते. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि असा पेन्सिल प्रिंट घेऊन तो आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. जुन्या रंगाखाली लष्करी क्रमांक सापडला तर तोही टिपून ठेवावा : वर टोक असलेला बाण आणि त्यापुढे लष्कराने गाडी घेतल्याचे वर्ष दाखवणारे दोन अंक, अशी त्याची सुरुवात असते. लिलावाच्या कागदात हाच क्रमांक आढळला, तर जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतून निघालेली गाडी आणि आपल्यासमोरची गाडी यांच्यातील दुवा जुळला असे समजावे.

आता कागद. लष्कराच्या सेवेतील गाडी आरटीओच्या नोंदवहीत नसते. लिलावानंतर तिची मुलकी नोंदणी प्रथमच होते आणि तिचा आधार म्हणजे लष्करी अधिकाऱ्याने दिलेले विक्रीपत्र. आज ते फॉर्म २१ मध्ये दिले जाते. परंतु हा फॉर्म १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला आहे, त्यामुळे १९८८ ची तारीख असलेला फॉर्म २१ कोणी पुढे केला तर तो कागद नंतर बनवलेला आहे हे उघड आहे. तसेच १९८८ साली नोंदलेल्या गाडीला तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतला क्रमांक असायला हवा. नंबर प्लेटवर नंतरच्या मालिकेतले, सांगलीचे एम.एच. १० असेल तर नोंदणी किंवा फेरनोंदणी पुढे केव्हा आणि कशाच्या आधारे झाली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पोर्टलवर गाडी न दिसणे हा मात्र घाबरण्याचा विषय नाही. अनेक जुन्या नोंदी कागदी नोंदवहीतून संगणकावर आलेल्याच नाहीत. ज्या कार्यालयाने आरसी दिली तेथे वारसांनी स्वतः अर्ज करून नोंदवहीतील तपशिलाची प्रत मागावी आणि बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी. हे काम सौद्याआधी आणि विक्रेत्यांकडूनच करून घ्यावे, कारण एकदा पैसे दिले की हेलपाटे आपल्या वाट्याला येतात.

वारसांचा मुद्दा टाळता येणार नाही. मृत मालकाच्या नावावरची गाडी थेट आपल्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ वर ती वारसाच्या नावे व्हावी लागते. त्यासाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांची मुदत असते, म्हणजे उशिराचा भुर्दंड धरून चालावे. विक्रेत्यांची आई किंवा बहिणी असतील तर त्यांचीही लेखी संमती घ्यावी. त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावे करता येईल. आरसी बुकात कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो बोजा उतरवण्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागेल, ती बँक आज कोणात विलीन झाली आहे हे शोधावे लागले तरीही. पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण, कर आणि पर्यावरण कर यांची थकबाकी कोण भरणार, हेही आधीच लिहून घ्यावे.

डिझेल इंजिनाची नोंद आरसीत नसेल तर तो बदल कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना आहे. नव्या इंजिनाची पावती नसेल तर ते इंजिन कोणत्या गाडीतून आले, हा दुसराच तपास सुरू होतो. माझ्या मते या एका कारणासाठी सौदा सोडून देणेही शहाणपणाचे ठरेल.

व्हिंटेजचे उत्तर सोपे आहे : मिळणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आपल्या गाडीची मुलकी नोंदणी १९८८ ची आहे आणि इंजिन बदललेले आहे. शिवाय व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : आजोबांच्या युद्धकाळातल्या जीपच्या आरसीत ‘विलीज’ लिहिले आहे, पण काही बोल्टांवर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर आहे. कागद चुकीचा आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बोल्टांवरून निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने विलीज या अमेरिकी कंपनीच्याच नमुन्यावर जीपा बनवल्या आणि आपल्या सुट्या भागांवर ‘एफ’ उमटवले. लष्करी वर्कशॉपमध्ये दोन्हींचे भाग सर्रास एकमेकांना बसवले गेले. पुढच्या बाजूची चेसिसची आडवी पट्टी पाहावी. ती गोल नळीची असेल तर चेसिस विलीजची, उलट्या ‘यू’ आकाराची असेल तर फोर्डची. फोर्डचा क्रमांक चेसिसच्या डाव्या बाजूच्या लांब पट्टीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. तेथे सापडलेला क्रमांक आरसीशी जुळत असेल आणि फक्त कंपनीचे नाव वेगळे असेल, तर तपासणीसह दुरुस्तीचा अर्ज करावा. क्रमांकच जुळत नसेल तर आरसीतला क्रमांक नव्याने ठोकून देऊ असे सांगणाऱ्या मेकॅनिकला गाडीजवळ फिरकू देऊ नये.