माच्वाचे बान : वाचकांचे प्रश्न

मध्ययुगीन हंगेरीच्या दक्षिण सरहद्दीबद्दलचा एक व्हिडिओ फिरू लागल्यापासून तेच ते प्रश्न येताहेत. एकदाच उत्तरं देतो.

माच्वा नेमका कुठे?
सावा नदीच्या दक्षिणेला, द्रिनाच्या पूर्वेला. आज सर्बियात.

बान म्हणजे तिथला राजाच ना? पद वंशपरंपरेने जायचं?
नाही, आणि नाही. सुभेदार म्हणा हवं तर. राजा नेमायचा, राजाच काढायचा. हंगेरीच्या गाराई या उमराव घराण्यातले बापलेक दोघंही बान झाले, पण नेमणुकीने.

ड्रॅक्युला माच्वाचा बान होता का?
नव्हता. तो वलाकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा. व्हॉट्सअॅपवर इतिहास शिकू नका.

जुन्या नकाशात माच्वा हंगेरीच्या रंगात दिसतो, दुसऱ्यात सर्बियाच्या. खरा कोणता?
या नकाशांनी मला वैताग आणलाय. हंगेरीच्या चौथ्या बेला राजाने 1250च्या दशकात इथे बसवलेला जावई रोस्तिस्लाव हा आजच्या युक्रेनमधल्या चेर्निहिवच्या राजघराण्यातला. 1284मध्ये हाच मुलूख मिळाला द्रागुतिनला, म्हणजे गादी सोडावी लागलेल्या सर्बियन राजाला. त्याची बायको हंगेरीच्या राजाची बहीण. आता रंग कोणता फासणार? 1400नंतर हंगेरीच्या सिगिस्मंड राजाने तो पुन्हा एका सर्बियनाला, स्तेफान लाझारेविचला दिला. हा लाझारेविच 1396मध्ये निकोपोलिसच्या लढाईत सिगिस्मंडच्याच विरुद्ध, तुर्कांकडून लढलेला!

खरी मेख उत्पन्नात आहे. 14व्या शतकात बानाकडे सावेच्या उत्तरेकडचे वाल्को, बोद्रोग, बारान्या असे हंगेरीचे जिल्हेही असत. पैसा आणि माणसं तिथून यायची. म्हणून दक्षिणेचा मुलूख हातचा गेला तरी पद बुडालं नाही. मिक्लोश उय्लाकी 1438पासून माच्वाचा बान म्हणवत होता. प्रत्यक्ष माच्वात त्याचा हुकूम चालत नव्हता. तेव्हा नकाशा दिसला की आधी वर्ष विचारा, मग गड कोणाकडे होता ते बाल्कनच्या इतिहासाच्या जाणकाराकडून तपासून घ्या.

बान यानोश होर्वात देशद्रोही होता का?
तो नेपल्सच्या पक्षाचा, म्हणजे हंगेरीच्या गादीवर नेपल्सचं राजघराणं हवं असणाऱ्यांतला. 25 जुलै 1386 रोजी त्याच्या माणसांनी हंगेरीची राणी मारिया आणि राजमाता एलिझाबेथ यांचा ताफा गारा या गावाजवळ गाठला, मिक्लोश गाराईला (वरच्या बापलेकांतल्या बापाला) मारलं, दोघींना कैद केलं. 1394मध्ये पेच शहरात त्याला देहदंड झाला. बानपद मात्र 1387मध्येच मारल्या गेलेल्या गाराईच्या मुलाकडे गेलं होतं. शिक्का मारण्याआधी दोन्ही बाजूंची कागदपत्रं वाचलेल्या माणसाला विचारा.

एक संकेतस्थळ पैसे घेऊन गाराई घराण्याचं वंशप्रमाणपत्र आणि ‘उमराव’ किताब देतंय. घ्यावं का?
एक रुपया देऊ नका. हंगेरीत 1947च्या कायद्याने किताबच रद्द झाले. गाराईंची मुख्य शाखा 15व्या शतकात संपली. वंशावळ खरंच शोधायची असेल तर हंगेरीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला लिहा. 1526पूर्वीच्या लाखभर सनदा-पत्रांची त्यांची सूची इंटरनेटवर फुकट आहे. पण लॅटिन येणारा माणूस सोबत घ्या.

निबंध परवा द्यायचाय. एकच पुस्तक सांगा.
परवा? सरांकडून मुदत मागा.