माळकरी आई-वडिलांना इंग्लंडच्या खेड्यातल्या पबमध्ये न्यावं का?

तुम्ही विचारलंय की आई-वडील पहिल्यांदाच इंग्लंडला येताहेत, दोघंही माळकरी, तर त्यांना खेड्यातल्या पबमध्ये नेलं तर बरं दिसेल का आणि तिथे वागायचं कसं. न्याच. ‘बरं दिसेल का’ यावरून आमच्या घरात एवढं रामायण झालंय की लिहिल्यावाचून राहवेना.

सासूबाई आमच्याकडे शेफील्डला आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. एका रविवारी होप व्हॅलीच्या गाडीने ईडेल या खेड्यात गेलो. पेनाइन वे ही डोंगरवाट तिथूनच सुरू होते. जरा चाललो तोच पावसाने गाठलं आणि आम्ही पबमध्ये शिरलो. शेकोटीजवळच्या बाकावर एक आजोबा कुत्रा घेऊन बसले होते. त्यांनी कुत्र्याला टेबलाखाली सरकवलं आणि सासूबाईंना विस्तवालगतची जागा दिली. ओला पदर वाळवत त्या सगळं न्याहाळत होत्या. काउंटरमागची मुलगी लाकडी मुठीचा दांडा ओढून तळघरातल्या पिंपातली बिअर वर खेचत होती. “अगं, हा तर आपला हापसाच!” सासूबाई म्हणाल्या. मग किटलीभर चहा आला, सालासकट भाजलेला अख्खा बटाटा आणि त्यावर बीन्स. आजोबा मेंढ्या पाळणारे निघाले. सासूबाईंनी मला विचारायला लावलं, एवढ्या पावसात मेंढ्या बांधता कुठे? बांधत नाही, त्या डोंगरावरच असतात, असं ते म्हणाले, तर यांना ते पटेना. तासभर हेच चाललं. आमच्याकडे राहायला आल्यापासून मी त्यांना इतकं मोकळं बोलताना पाहिलं नव्हतं.

फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि पुण्याहून थोरल्या दिरांचा फोन आला: “आईला गुत्त्यात नेऊन बसवलंस?” अजूनही प्रत्येक समारंभात हे ऐकवलं जातं.

गुत्ता नव्हे तो. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने प्यायलाही परवाना लागतो, म्हणून परमिट रूम, काळ्या काचा आणि आत फक्त पुरुष. दिरांच्या डोळ्यांपुढे तेच आहे. इंग्लंडच्या खेड्यात दुकान बंद पडतं, पोस्ट बंद पडतं, मग माणसांनी भेटायला पबच उरतो. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ मध्ये सहकारी संस्था काढून गावातला ‘ओल्ड क्राउन’ विकत घेतला. गुत्ता वाचवायला कुणी भागभांडवल गोळा करतं का?

आता रीती. टेबलाशी कुणी विचारायला येईल म्हणून बसून राहू नका. काउंटरवर जाऊन मागवायचं, पैसेही बहुधा तिथेच द्यायचे. रांग दिसत नाही, पण आधी कोण आलं ते सगळ्यांना ठाऊक असतं, मध्ये घुसू नका. ड्रिंकवर टिप द्यायची पद्धत नाही. तुम्ही स्वतः घेणार असाल तर पाइंट म्हणजे ५६८ मिली, अर्धाही मिळतो. पिंपातली बिअर बर्फासारखी गार नसते, ती तशीच असायला हवी. दुपारच्या जेवणानंतर पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद असतं, तेव्हा वेळेत पोचा.

हो, खाण्याचं मात्र नीट विचारून घ्या. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं, ग्रेव्ही बहुतेक वेळा मांसाची आणि चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. जिंजर बिअरमध्ये सहसा दारू नसते, पण काहींमध्ये असते, बाटली वाचा. शनिवारची रात्र टाळा, गलका फार.

आणि दारूचा वासच नको असं आई-वडील म्हणाले तर विषय तिथेच सोडा. पण ते त्यांनी म्हणायचं. आमच्या दिरांनी असा पब आजवर आतून पाहिलेला नाही, सासूबाईंनी पाहिलाय आणि पुन्हा येईन म्हणाल्यात. तुमच्याकडेही असं कुणी थोरलं असेल, तर त्यांना फोन करून परवानगी मागत बसू नका.