गरोदरपणात नशेचं इंजेक्शन : डॉक्टरांना सांगितलं तर पोलीस येतील का?

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. लग्नानंतर नवऱ्यामुळे गर्दची (हेरॉइनची) सवय लागली. आता दोघंही इंजेक्शन घेतो. बाहेरच्या कुणाची सिरिंज वापरत नाही, एकमेकांचीच वापरतो, म्हणून एचआयव्हीची भीती नाही. पण दवाखान्यात नाव नोंदवलं तर हातावरच्या खुणा बघून पोलिसांना कळवतील, बाळ काढून घेतील, सासूला सगळं कळेल, असं वाटतं. काय करू? – एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, आधी पोलिसांचं बघू. नशा करणं एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, हे खरं. पण पेशंट नशा करतो म्हणून पोलिसांना कळवायचं बंधन हा कायदा डॉक्टरवर घालत नाही. उलट कलम ६४-अ म्हणतं, की व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेली, तर सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याबद्दल तिच्यावर खटला चालत नाही. हेरॉइनसाठी अल्प म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्ध्यावर सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. आणि विक्रीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. नवरा घरातून पुड्या विकत असेल आणि तुम्ही ते चालू दिलंत, तर कलम २५ तुमच्यावरही येऊ शकतं. पत्रात तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवते.

आई नशा करते एवढ्यावरून बाळ आपोआप काढून घ्यावं, असं आपल्याकडचा कोणताही कायदा म्हणत नाही. मुलाची आबाळ होत असेल तर बालकल्याण समिती लक्ष घालू शकते. अशा वेळी तुमचे उपचाराचे कागद तुमच्याच बाजूने बोलतील.

आता ज्याची तुम्हाला भीती वाटत नाही, त्या एचआयव्हीबद्दल. नवरा तुमच्याआधीपासून इंजेक्शन घेत असेल, तर तेव्हा तो कुणाकुणासोबत बसायचा, हे तुम्हाला माहीत आहे का? सुईला नातं कळत नाही. तपासणी दोघांचीही व्हायला हवी. लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या चाचणीत दिसेलच असं नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यांत ती पुन्हा करावी लागेल. उपचारांविना आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधं सुरू झाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात) ही चाचणी मोफत होते. एचआयव्ही कायदा, २०१७ प्रमाणे समुपदेशन आणि तुमची संमती यांशिवाय ती करता येत नाही. निकाल सासूला सांगायचा अधिकार कुणालाही नाही. नवऱ्याला सांगितल्यास मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी सबळ भीती असेल, तर तसं समुपदेशकाला स्पष्ट सांगा. मग डॉक्टरांनाही त्याला कळवता येत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तुमच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही आणि राहत्या घरावरचा तुमचा हक्क जात नाही. नव्या सुया देणं, गर्दऐवजी ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देणं, अशा कामालाही याच कायद्याच्या कलम २२ ने संरक्षण दिलं आहे. तेव्हा सुया मागायला संकोच नको.

मात्र घाबरून आजच्या आज इंजेक्शन बंद करू नका. गरोदरपणात गर्द एकदम तोडली तर पोटातल्या बाळाला धोका होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारा. कुणी अडवलं, धमकावलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो, फोन १५१००.