नुसता कोट की हॅश-कोट?

प्रश्न: कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा शिकतोय. मॅपकारला (लिस्टमधल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवतं ते) फंक्शन देताना नावापुढे नुसता कोट ('foo) लावला तरी चालतं आणि हॅश-कोट (#'foo) लावला तरी चालतं. मग फरक काय, आणि चांगली सवय कुठली?

उत्तर: दोन्ही चालतं कारण मॅपकार, फनकॉल, अप्लाय (ही सगळी दिलेलं फंक्शन चालवतात) यांना सिम्बॉल, म्हणजे नुसतं नाव, मिळाला तर ते त्याचं ग्लोबल (सगळीकडे दिसणारं) फंक्शन स्वतःच शोधून घेतात. पण नुसत्या कोटने तुम्ही फक्त नाव देता, हॅश-कोटने खुद्द फंक्शन देता. खरी गोची फ्लेट किंवा लेबल्समधे होते (यांनी तेवढ्याच भागापुरती लोकल फंक्शन बनवतात), तिथे आत लिहिलेलं लोकल फंक्शन सिम्बॉलमधून सापडतच नाही, मग एकतर एरर येते नाहीतर त्याच नावाचं बाहेरचं फंक्शन गुपचूप चालतं, आणि हे दुसरं फार वाईट, कारण उत्तर चुकतं पण कुठे चुकलं ते कळत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, हॅश-कोटचीच सवय लावा, वाचणाऱ्यालाही लगेच कळतं की इथे फंक्शन आहे.

एक अपवाद मला मनापासून पटतो. टेबलमधे हँडलर (एखादी घटना घडली की चालवायची फंक्शन) साठवलेत आणि प्रोग्राम चालू असतानाच ते नव्याने डिफाइन करायचेत, तर सिम्बॉल ठेवा, तो दर कॉलला नवी व्याख्या शोधतो; फंक्शन ऑब्जेक्ट ठेवलात तर जुनंच चालत राहतं.

ईमॅक्स लिस्पमधे (ईमॅक्स एडिटरची लिस्प) हॅश-कोटचा अजून एक फायदा, नाव चुकलं तर बाइट-कंपायलर (कोडचं आधीच भाषांतर करून ठेवणारा) वॉर्निंग देतो. आणि लॅम्ब्डापुढे (म्हणजे बिननावाच्या फंक्शनपुढे) नुसता कोट कधीच नको, ती निव्वळ लिस्ट होते, कंपायलर तिला कोड समजतच नाही.