रिसीव्हर अमेरिकेहून मागवताय? आधी मागचं लेबल वाचा

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात १२ बाय १४चा हॉल, टीव्हीला एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच बाहेर पाठवायची सोय) आहे, होम थिएटरच्या रिसीव्हरसाठी (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) चाळीस हजार, आणि न्यू जर्सीचा मावसभाऊ सेलमधला ७.२ रिसीव्हर निम्म्या किमतीत आणतो म्हणतोय. इथला ५.१ घ्यावा की तो? इथला ५.१ घ्या. भावाला चॉकलेटं आणू द्या. हे दुखणं ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबट लिहितोय. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खोल आवाजाचा स्पीकर), ७.२ म्हणजे सात आणि दोन.

अमेरिकी मॉडेलच्या मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ छापलेलं असतं. लॅपटॉपच्या चार्जरला १०० ते २४० चालतं, तसं इथे नाही. आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याची प्रायमरी (घरच्या विजेला जोडलेली गुंडाळी) एकाच व्होल्टेजची. स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावू म्हणाल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. पण लेबलवर जितके वॅट असतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि आउटपुट ११० व्होल्टच्या वर नको. ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर आधीच जास्त तापतो आणि गुणगुणतो. '१६०० वॅट' लिहिलेले हलके ट्रॅव्हल कन्व्हर्टर इस्त्री-ड्रायरसाठी असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

खरा घात वेगळाच होतो. आपल्या एक्स्टेंशन बोर्डांच्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये अमेरिकी चपट्या पिना आरामात जातात. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी वायरी काढतं आणि परत लावताना स्टेप-डाउन बाजूलाच राहतो. पॉवरचं बटण दाबायचीही गरज नाही, कारण स्टँडबायचा सप्लाय प्लग लावताक्षणी चालू होतो. त्यातला कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचा; आपले २३० रेक्टिफाय झाले (एसीचे डीसी झाले) की त्याच्यावर सव्वातीनशे व्होल्ट येतात. फट् आवाज, जळका वास, खेळ खलास. नशीब असेल तर फ्यूजवर निभावतं.

त्यानंतर सर्व्हिस सेंटर. वॉरंटी त्या-त्या देशापुरती असते, हे कंपन्या कागदावर सांगतात, तिथवर तक्रार नाही. पण आमच्या पट्ट्यातल्या एका अधिकृत सेंटरची (नाव घेत नाही) तऱ्हा अशी: नग ठेवून घेतला, तपासणीचे पैसे आगाऊ घेतले आणि काही आठवड्यांनी कळवलं की हा सिरियल नंबर भारतातला नाही, आतला सर्किट बोर्ड मागवता येणार नाही. अहो, सिरियल नंबर तुम्हीच पहिल्या दिवशी फॉर्मवर उतरवून घेतला होता! पैसे परत नाहीत, आणि बाहेरच्या कारागिराकडून करून घेतो म्हटलं तर बोर्डाचा पार्ट नंबरही देणार नाहीत. सगळी सेंटरं अशी नसतील. पण निम्मी किंमत 'वाचवून' हेच पदरी पडायची शक्यता असेल तर कशाला?

आता इथला घेताना काय बघायचं. कुठल्याही कंपनीशी किंवा दुकानाशी माझा संबंध नाही, मतं माझी.

खोक्यावरचे मोठे वॅट विसरा. तो आकडा बहुधा एकच चॅनेल (एकाच स्पीकरचा मार्ग) चालू, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ आणि १० टक्के डिस्टॉर्शनवरचा (आवाज फाटलेला असतानाचा) असतो. स्पेसिफिकेशनमध्ये '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल' ही ओळ शोधा. तिथे ७० वॅट दिसले तरी भरपूर आहेत. ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा (एका वॅटला एक मीटरवर इतका आवाज देणारा) स्पीकर तीन मीटरवर १६ वॅटमध्ये नव्वद डीबीच्या आसपास जातो. त्याच्या पुढे सोसायटीचे सेक्रेटरी येतात.

ऑटो कॅलिब्रेशनचा (खोलीतला आवाज मोजून स्पीकर आपोआप जुळवण्याचा) माइक खोक्यात हवाच. यामाहात वायपीएओ, डेनॉनमध्ये ऑडिसी. अगदी स्वस्त मॉडेलांत काही वेळा हेच गाळलेलं असतं, आणि दुकानदार ब्लूटूथचंच कौतुक करत बसतो.

टीव्हीच्याच ॲप्सवर बघणार असाल तर ईएआरसीसाठी (एआरसीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) जास्त पैसे घालू नका. साध्या एआरसीवरून डॉल्बी डिजिटल प्लस (ॲप्सचा नेहमीचा सराउंड फॉरमॅट) जातो, त्यातला ॲटमॉसही (डोक्यावरूनही आवाज आणणारा). (५.१ रिसीव्हरवर ॲटमॉस ५.१ म्हणूनच वाजणार, ते वेगळं.) ब्लू-रे प्लेअर मात्र थेट रिसीव्हरला जोडा. एलजीने २०२० ते २०२२ च्या टीव्हींतून डीटीएस (अनेक ब्लू-रे डिस्कांवरचा आवाजाचा फॉरमॅट) काढून टाकला होता, सॅमसंगमध्ये तर २०१८ पासूनच नाही. एआरसी लावूनही मागचे स्पीकर मुके राहिले तर आधी टीव्हीचं डिजिटल आउटपुट बघा. ते 'पीसीएम'वर असेल तर फक्त स्टीरिओ येतो. 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा, आणि एचडीएमआय-सीईसी (जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारी टीव्हीची सेटिंग) चालू ठेवा.

कॅलिब्रेशन झाल्यावर रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा (म्हणजे खोल आवाज सबवूफरकडे जातो), क्रॉसओव्हर (या वाटणीची सीमा) ८० हर्ट्झ. सबवूफरवरची क्रॉसओव्हरची खुंटी पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर दोन-दोन फिल्टर लागतात आणि आवाजात मधेच खड्डा पडतो. रिसीव्हरमधली इम्पीडन्सची (स्पीकरच्या विद्युत रोधाची) सेटिंग ६ ओहमवर नेऊ नका, ताकद उगाच कमी होते.

मागच्या स्पीकरांना दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. घेताना तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत द्या.

आणि रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, वर निदान दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळे सोडा. वरच्या जाळीतून पाल आत जाते, उबेला बसते आणि बोर्ड शॉर्ट करते. हसू नका, दुरुस्तीवाल्यांना विचारा. जाळी झाकायची म्हणून वर कापड मात्र टाकू नका.

दुकानात पैसे देण्याआधी खोकं उघडायला लावा, मागचं '२३०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ' वाचा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. ग्रे मार्केटचा (कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला) माल आपल्याकडच्या दुकानांतही असतो.