सकाळच्या पहिल्या सेल्फला गाडी गुदमरते, पंप बदलू का?

प्रश्न : काका नमस्कार, मी गुहागरजवळच्या एका गावात राहतो. माझ्याकडे २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, साध्या गियरची. दिवाळीपासून त्रास सुरू झालाय, सकाळी पहिल्यांदा चालू करताना पाच-सहा सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग उचलते, पण घरासमोरच्या घाटीला लागलो की ॲक्सिलरेटर दाबला तरी गुदमरते, गचके खाते, दोनदा तर चढावातच बंद पडली. चार-पाच मिनिटं चालली की मस्त, मग दिवसभर काही नाही. चेक लाईट लागत नाही. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, बॅटरी नवी टाकली, आता म्हणतोय फ्युएल पंप बदलू. गाडी आठवड्यातले तीन-चार दिवस उभीच असते. थंडीमुळे होतंय का? पंप बदलू का?

उत्तर : पंप एवढ्यात बदलू नका. प्लग आणि बॅटरी अंदाजाने बदलून झालेच आहेत, आता तिसरी वस्तू पण अंदाजानेच बदलायची तर खिशाला भोक.

थंडीचं आधी सांगतो. आपल्या किनाऱ्यावर थंडी ती कितीशी, यापेक्षा कितीतरी कडक थंडीत हिमाचलात पेट्रोल गाड्या रोज चालू होतात. पण इंजिन चालतं साधारण ९० अंशांवर, त्यामुळे त्याच्या हिशोबाने मे महिन्यातली पहाट पण थंडच. म्हणजे तुमचा त्रास हवेच्या थंडीचा नाही, गाडी रात्रभर उभी राहण्याचा आहे, आणि उन्हाळ्यात तो आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसू नका.

आता तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकात एक अडकल्यात. सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो ही एक, आणि चालू झाल्यावर गुदमरते ही दुसरी. कारण एकच असू शकतं, पण तपासायचं वेगवेगळं.

पहिल्या तक्रारीला फुकटातली टेस्ट आहे. सकाळी चावी ऑनवर न्या, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पंपाचा बारीक घूंऽऽ आवाज येईल आणि दोन-तीन सेकंदांत थांबेल. चावी बंद करा, परत ऑन करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी पटकन उचलली तर समजा की रात्रीत लाईनमधलं प्रेशर उतरतंय आणि तुम्ही ते हाताने परत भरलंत. प्रेशर उतरायची नेहमीची कारणं दोन. एक म्हणजे पंपातला वन-वे व्हॉल्व्ह गळतो आणि पेट्रोल टाकीत मागे जातं, दुसरं म्हणजे एखादा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) रात्रभर थेंब थेंब गळतो. इंजेक्टर गळत असेल तर चालू होताना पेट्रोलचा भपकन वास येतो, सायलेन्सरमधून काळपट धूर निघतो, मागे कुणाला तरी उभं करून बघा. वास नाही, धूर नाही, आणि तीनदा चावी फिरवून फरक पडतोय, तर गॅरेजवाला बरोबर आहे, पण तरी त्याला आधी गेज लावून प्रेशर मोजायला सांगा, रात्री बंद केल्यावर एकदा आणि सकाळी एकदा. मोजल्याशिवाय पंप बदलणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

तीनदा चावी फिरवूनही तेवढाच सेल्फ लागत असेल तर मग दुसऱ्या तक्रारीकडे वळा, आणि माझा संशय खरं तर तिथेच आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सुरुवातीला पेट्रोल जास्त सोडतो, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आपण चोक ओढायचो तेच काम. इंजिन थंड आहे हे त्याला सांगतो कूलंट टेंपरेचर सेन्सर. हा सेन्सर किंवा त्याचं कनेक्शन बिघडलं आणि इंजिन थंड असताना त्याने गरम सांगितलं, तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी गुदमरते. सायलेन्सरच्या पाईपमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडू शकतो, पण तो साधारण ३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही, त्यामुळे पहिली काही मिनिटं ईसीयू फक्त टेंपरेचर सेन्सरच्या भरवशावर असतो. तुमची गाडी चार-पाच मिनिटांत सुधारते हे यात बरोबर बसतं. चेक लाईट न लागण्याचं कारण पण हेच, थंड इंजिनाला सेन्सरने समजा ५० अंश सांगितलं तरी ते काही अशक्य रीडिंग नाही, ईसीयूला त्यात खोट दिसत नाही.

तपासणं सोपं आहे. स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असतं, त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो, नाहीतर गॅरेजवाल्याचा मागा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चावी नुसती ऑन करून दोन आकडे बघा, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा २२ आणि कूलंट ५० दाखवत असेल तर चोर सापडला. पण लगेच सेन्सर बदलू नका, आधी त्याचा कपलर (वायर जोडायचा सॉकेट) काढून आतल्या पिना बघा. आपल्याकडे खारी हवा, त्यात तुमची गाडी उभी असते, पिनांवर हिरवट थर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कपलर परत घट्ट बसवल्यावर पुष्कळ गाड्या सुधारतात. थर नुसता असला तर बहुतेक वेळा रेझिस्टन्स वाढून इंजिन आहे त्यापेक्षा थंड दिसतं, मग उलट पेट्रोल जास्त होऊन गाडी गुदमरते, म्हणून आकडा जास्त आहे की कमी हे लिहून ठेवा.

खाऱ्या हवेचा दुसरा मार अर्थिंगवर. बॅटरी नवी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणारी) काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. सेल्फ चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज पण बघून घ्या, तो ९.६ च्या खाली जायला नको.

हे दोन्ही ठीक निघालं तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या, काळा थर बसला की थंड इंजिनाला हवा कमी मिळते (साफ केल्यावर एक-दोन दिवस आरपीएम वरखाली होऊ शकतो, स्कॅनरने रीसेट करता येतो). आणि बॉनेट उघडून रबरी पाइप चाचपून बघा. उभ्या गाडीत उंदीर शिरला की व्हॅक्यूम पाइप आणि वायरी दोन्ही कुरतडतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. फुटलेल्या पाइपचा सुस्स आवाज येतो. पाइपवर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे महाभाग आहेत, त्यांना बॉनेटला हात लावू देऊ नका, आग लागते.

ई-२० पेट्रोलला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पण हल्ली प्रत्येक बिघाडासाठी शिव्या बसतात. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते हे खरं, आणि ते ओलावा ओढतं हेही खरं, त्यामुळे आधीच कुठेतरी कमजोर असलेली गाडी सकाळी जास्त कुरकुरते. पण त्याने दिवाळीला अचानक त्रास सुरू झाला असं मला पटत नाही.

तोवर सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच घाटीला लागा, आणि सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

प्रश्न : आमची डिझेल जीप आंबोलीला असते. हिवाळ्यात सकाळी खूप सेल्फ खाते आणि चालू झाली की पांढरा धूर. खाली सावंतवाडीत मुक्काम असला की त्रास कमी. इथर स्प्रे मारू का?

उत्तर : अजिबात मारू नका. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन चालू होण्याआधी आतून तापवणारे) गरम असताना इथर आत गेला तर वेळेआधीच पेटतो आणि पिस्टन फोडतो. तुमच्याकडे मात्र खरंच थंडीचा प्रश्न आहे, घाटावरची थंडी सावंतवाडीत कुठून येणार. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, एक-दोन हीटर प्लग गेलेले असणार. वायर काढून एकेका प्लगचा रेझिस्टन्स मोजा, चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. सगळे प्लग चांगले निघाले तर त्यांचा रिले आणि फ्यूज बघा. तेही ठीक असेल तर सकाळी फिल्टरवरचा हातपंप दाबून बघा, तो पोकळ लागला तर रात्रीत लाईन हवा ओढतेय, पाइपच्या क्लिपा बदला आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढून टाका.